सोफ्याचं नवं कापड आधी फोटोत बघायचंय? नवशिक्यांसाठी पायऱ्या

दुकानात आलेलं गिऱ्हाईक शेड कार्ड उघडतं, दोन इंचांचा तुकडा बोटांत धरतं आणि विचारतं, "हे आमच्या सोफ्यावर कसं दिसेल हो?" बडोद्यात रावपुऱ्यात आमचं सोफा-कुशनचं काम चालतं. सासऱ्यांच्या काळी या प्रश्नावर एकच उपाय होता. अख्खा तागा उतरवायचा, दुकानातल्या नमुन्याच्या सोफ्यावर अंथरायचा आणि बाकीचं गिऱ्हाइकाने मनात रंगवायचं. आता त्यांचाच सोफा, त्यांच्याच दिवाणखान्यात, नव्या कापडात, एआय टूल वापरून फोनवर मिनिटाभरात दाखवता येतो. दिवाळीच्या तोंडावर दिवसाला दहा घरांतून विचारणा येते, तेव्हा याचा किती आधार वाटतो ते या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

पण सुंदर चित्र कुठलंही एआय टूल देतं. आपल्याला हवं असतं ते असं चित्र, की तीन आठवड्यांनी कारागिराने शिवून दिलेला सोफा त्याच्या शेजारी ठेवला तरी गिऱ्हाइकाने "असं नव्हतं दाखवलं" म्हणू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. तुमचं दुकान असो, तुम्ही इंटिरियरचं काम नुकतं सुरू केलेलं असो, की घरचाच सोफा नव्याने मढवायचा असो, क्रम हाच ठेवा.

आधी टूल काय करतं ते समजून घ्या

आपल्याला वाटतं की टूल आपल्या फोटोतल्या सोफ्यावर कापड चढवतं. तसं ते करत नाही. अगणित फोटो आणि त्यांची वर्णनं यांवर शिकलेलं ते एक मॉडेल असतं. ते तुमचा फोटो बघतं आणि त्यावरून नवं चित्र काढतं. जेमिनाय किंवा चॅटजीपीटीसारख्या गप्पांच्या टूलमध्ये बहुतेक वेळा सगळाच फोटो नव्याने काढला जातो, तुम्ही ज्याला हात लावू नको म्हणालात तो भागसुद्धा. दुसरा प्रकार मास्कचा. फोटोशॉपमधल्या जनरेटिव्ह फिलमध्ये आपण बदलायचा भाग आधी निवडतो, मग तेवढाच नव्याने काढला जातो आणि बाकीचा फोटो तसाच राहतो. याला इनपेंटिंग म्हणतात. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक असेल, तर स्टेबल डिफ्यूजनवरही हे करता येतं, पण नवशिक्याने तिथून सुरुवात करू नये, फार वेळ जातो.

हा फरक मला काकूंच्या सोफ्याने शिकवला. दांडिया बाजारात राहणाऱ्या एका काकूंचा संखेड्याचा तीन-सीटर होता. संखेडा बडोद्याहून फार लांब नाही. तिथले खरादी सुथार सागवान कातावर, म्हणजे लाकूड गोल फिरवणाऱ्या यंत्रावर, चढवून दांड्या आणि पाय घडवतात, त्यावर लाखेचा रंग चढवतात आणि सोनेरी वेलबुट्टी हाताने रंगवतात. काकूंचा सोफा जुन्या पद्धतीचा, लालसर मरून आणि सोनेरी. गाद्या मात्र पार विटल्या होत्या. मी फोटो टाकला, "गाद्या मोरपंखी कर" असं लिहिलं, आणि चित्र इतकं देखणं आलं की लगेच त्यांच्या हातात फोन दिला. काकूंनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ नेला आणि पाठीच्या कातीव दांड्यांवर बोट ठेवत हळूहळू मोजत गेल्या. म्हणाल्या, "अगं, माझ्या सोफ्याला अकरा दांड्या आहेत. इथे नऊच आहेत." मी फोटो मोठा करून पाहिला. दांड्या नऊच होत्या, आणि त्यांवरची सोनेरी वेल जाऊन तिथे कसलीशी ठिपक्यांची रांग आली होती. तो सोफा त्यांच्या लग्नात आलेला. त्यांना गाद्यांचा रंग नंतर दिसला, आधी सोफा परका दिसला.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. साधा, सगळीकडून कापडाने मढवलेला सोफा असेल तर गप्पांचं टूल चालतं. लाकूडकाम, कातकाम, नक्षी किंवा वेताचं विणकाम उघडं दिसत असेल तर मास्क करायचाच.

फर्निचरचा फोटो

चित्र बिघडण्याचं मूळ बहुतेकदा फोटोतच असतं, म्हणून इथे घाई करू नका.

सकाळी नऊ ते अकराच्या उजेडात, खिडकी बाजूला ठेवून फोटो काढा. दिवे आणि फ्लॅश बंद. खिडकी समोर आली तर सोफा काळवंडतो, आणि टूल त्या काळोखात शिवणी मनाने घालतं. पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, कारण तो कडा धूसर करतो आणि मग मास्कला सोफा कुठे संपतो तेच कळत नाही. जवळ उभं राहून काढलेल्या फोटोत पुढचा हात फुगलेला आणि पाय वाकडे दिसतात. त्यापेक्षा आठ-दहा फूट मागे जा, दुप्पट झूम घ्या आणि फोन साधारण तीन फुटांवर, म्हणजे बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर धरा. चारही पाय फोटोत आले पाहिजेत. सोफ्यावरची चादर, नातवंडांची खेळणी, टीव्हीचा रिमोट सगळं काढा.

सोफ्याच्या हातावर एक कोरा पांढरा कागद ठेवून आणखी एक फोटो घ्या. फोनच्या एडिटिंगमध्ये उबदारपणाचा काटा हलवून तो कागद पांढरा दिसेल असं करा आणि तेवढीच दुरुस्ती मूळ फोटोला लावा. पिवळ्या भिंतींच्या खोलीत या एका गोष्टीने रंगाची निम्मी भांडणं मिटतात.

मग टेप घेऊन माप लिहा: पाठीची रुंदी, बैठकीची खोली, हाताची उंची, गाद्या किती, बटणं किती, पाइपिंग (गादीच्या कडेची दोरीसारखी शिवण) आहे का. हे माप कापडाच्या हिशोबाला लागतंच, पण चित्र तपासायलाही लागतं, ते पुढे सांगते.

भिंतीवर घरच्यांचे फोटो, पदकं, कागदपत्रांचं उघडं कपाट असेल, तर टूलमध्ये टाकण्याआधी तेवढा भाग कापा. फोटो एआयमध्ये टाकणार आहोत हे घरमालकांना सांगून परवानगी घ्या. टूलच्या सेटिंगमध्ये आपले फोटो शिकवणीसाठी वापरू न देण्याची सोय आहे का, तेही आधी पाहा.

कापडाचा फोटो, आणि बुट्ट्यांची मोजणी

नवशिके कापडाचं वर्णन लिहितात: "डाळिंबी मखमल", "अबोली रंगाचं लिनन". आपल्या रंगांची नावं फुलाफळांवरून आलेली, ऐकूनच मन भरतं, पण टूलला अबोली म्हणजे नेमकी कोणती छटा ते ठाऊक नसतं. एकच शब्द चार वेळा लिहा, चार छटा येतील. सहा आकडी कलर कोड दिला तरी काम भागत नाही, कारण कापडाचा रंग एक नसतोच. उभा धागा एका छटेचा, आडवा दुसऱ्या, आणि मखमलीला वर लव. म्हणून नाव लिहा, पण सोबत प्रत्यक्ष कापडाचा फोटो द्या.

शेड कार्डचा तुकडा पुरत नाही. व्यापाऱ्याकडून निदान मीटरभर कापड बघायला मागून घ्या. ते खिडकीशी, थेट ऊन पडणार नाही अशा जागी फरशीवर सपाट अंथरा, कडेला फूटपट्टी ठेवा आणि फोन बरोबर वर, समांतर धरून दोन फोटो काढा: एक मीटरभर भाग येईल असा, एक पोत दिसेल असा जवळून. मखमल असेल तर आधी हात फिरवून लव एका दिशेने बसवा आणि मागच्या बाजूला खडूने बाण काढा. लव उलटी झाली की तेच कापड एक छटा गडद दिसतं. सोफ्यावर ती पाठीवरून खाली आणि बैठकीवर पुढच्या काठाकडे यावी असं कापड लावतात, फोटोतही तसंच धरा.

आता मोजणी. चित्रांत सर्वांत जास्त फसवणूक बुट्टीच्या आकाराने होते. समजा एका बुट्टीपासून पुढच्या बुट्टीपर्यंत ४ इंच अंतर आहे आणि पाठ ६० इंच रुंद आहे. मग एका आडव्या ओळीत १५ बुट्ट्या यायला हव्यात. चित्रात ७ दिसल्या, तर टूलने बुट्टी दुप्पट मोठी केली. गिऱ्हाइकाला ती ठसठशीत, उठावदार वाटेल, ते खूश होऊन ऑर्डर देईल आणि सोफा घरी आल्यावर म्हणेल, "एवढी बारीक?" चित्र दाखवण्याआधी मी बोटाने बुट्ट्या मोजतेच, काकूंनी दांड्या मोजल्या तशा.

टूलला काय लिहून द्यायचं

मराठीत लिहिलं तरी आजची मोठी टूल समजतात. छोटी, सरळ वाक्यं लिहा आणि काय बदलू नको ते काय बदल याच्या दुप्पट लिहा. माझा मजकूर साधारण असा असतो:

"पहिल्या फोटोतल्या सोफ्याच्या फक्त बैठकीच्या आणि पाठीच्या गाद्यांचं कापड बदल. कापड दुसऱ्या फोटोतलं घे, त्याचा रंग आणि पोत तसाच ठेव. लाकडी चौकट, पाय, भिंत, फरशी, उजेड आणि सावल्या आहेत तशाच ठेव. गाद्यांचा आकार, संख्या, शिवणी आणि पाइपिंग बदलू नको. फोटोचा कोन बदलू नको. पाठीच्या रुंदीत एका ओळीत १५ बुट्ट्या दिसू देत. कापडाला चमक कमी ठेव."

शेवटचं वाक्य मखमलीसाठी मुद्दाम आहे. नाहीतर टूल तिला पाणी फिरवल्यासारखी चकाकी आणतं.

एका वेळी एकच बदल मागा. कापड, भिंतीचा रंग आणि गालिचा एकदम मागितलात, तर काय बिघडलं ते शोधताच येत नाही. आणि आधीच्या चित्रावर नवा बदल, त्यावर आणखी एक, असं करत जाऊ नका. प्रत्येक फेरीत चित्र थोडं मूळ फोटोपासून सरकतं. पाचव्या फेरीला गादीचे कोपरे गोल होतात, पाय बारीक होतात, आणि आपण रोज तेच बघत असल्याने आपल्या लक्षातही येत नाही. दुसरा रंग हवा असेल तर नवी चॅट उघडा आणि मूळ फोटोपासून पुन्हा सुरू करा.

बुट्टी सांगूनही लहानमोठी होत राहिली, आणि होते, कारण ही टूल मोजणीत कच्ची आहेत, तर जुना हमखास मार्ग वापरा. फोटोशॉपमध्ये गाद्यांचा भाग निवडा, निवडीचं काम एआयकडून झटपट होतं. तो भाग करडा करा, कापडाचा फोटो मापानुसार लहान करून त्यावर ठेवा आणि लेयरला मल्टिप्लाय मोड द्या. खालच्या सावल्या वर येतात आणि कापड बसल्यासारखं दिसतं. बुट्टीचा आकार इथे पूर्ण आपल्या हातात राहतो. एकच अडचण: मल्टिप्लायने रंग गडदच होतो, त्यामुळे मूळ सोफा काळपट असेल तर करडा भाग आधी चांगला उजळून घ्यावा लागतो.

कुठलं कापड टूलला जमतं, कुठलं नाही, हेही अनुभवाने कळत जातं. साधं लिनन, एकरंगी मखमल, रेक्झिन सहज जमतं. पट्टे, चौकडी आणि पटोळ्यासारखी छपाई यांत ते हमखास अडखळतं. सोफ्याच्या गोल हातावर पट्टे वळवताना मधेच एक पट्टा नाहीसा होतो. अशा कापडासाठी मी चित्रावर वेळ घालवत नाही, एका गादीवर प्रत्यक्ष कापड टाचण्यांनी लावून तिचाच फोटो काढते.

दाखवण्याआधी कारागिराच्या नजरेने बघा

मूळ फोटो आणि नवं चित्र गॅलरीत शेजारी ठेवा आणि बोटाने मागेपुढे सरकवत राहा. जे हललं ते डोळ्यांना लगेच टोचतं. पाय, दांड्या, बटणं मोजा. पाइपिंग सगळीकडून सलग आहे का पाहा. गादी आणि चौकट जिथे भेटतात तिथली सावली मूळसारखी आहे का बघा. ती गेली की गादी हवेत तरंगल्यासारखी वाटते.

मग चित्र कारागिराला दाखवा. आमच्या कारागिरांनी एकदा चित्र पाहून विचारलं, "ताई, ही पाठ एका अखंड कापडाची कशी शिवू?" मुद्दा अगदी बरोबर होता. सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. पाठ ७२ इंच असेल, तर कापड उभं लावताना जोड येणारच. साध्या कापडाला आडवं लावून जोड टाळता येतो, पण बुट्टीला दिशा असली किंवा लव असली की तेही जमत नाही. टूलला पन्हा माहीत नसतो. ते ७२ इंचांची पाठ बिनजोड दाखवतं, आणि तीन गाद्यांवरच्या बुट्ट्याही एका रेषेत नेमक्या जुळवून दाखवतं. तशी जुळवणी खऱ्या कापडात करायची तर कापड जास्त जातं आणि शिवायला वेळही जास्त लागतो. म्हणून चित्र दाखवतानाच सांगा: जोड कुठे येईल, आणि बुट्ट्या जुळवून हव्या असतील तर किती मीटर वाढतील. मी फोनवरच चित्रावर बारीक रेघ मारून जोडाची जागा दाखवते.

उजेड

चित्रात एकच उजेड असतो, घरात तीन असतात: सकाळचा, ट्यूबलाइटचा आणि रात्रीच्या पिवळ्या दिव्याचा. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी हिरवट पडतो, करडा कधी कधी मातकट होतो. दोन कापडं दुकानातल्या उजेडात अगदी एक वाटतात आणि घरी वेगळी पडतात, यालाही कारण आहे. दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि वेगळ्या उजेडात वेगळी वागतात, त्याला मेटामेरिझम म्हणतात. याच गावात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं आणि तिथे रंगाईसुद्धा शिकवली जायची. रंग हा शास्त्राने शिकायचा विषय आहे हे बडोद्याला नवं नाही, आणि कापडाचा धंदा करणाऱ्याने एवढं शास्त्र तरी शिकावं असं मला मनापासून वाटतं.

टूलला "संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात दाखव" म्हटलं तर ते दाखवेल, पण तो त्याचा अंदाज. त्या कापडातलं रंगद्रव्य त्याने पाहिलेलं नाही. म्हणून निवड दोन कापडांवर आली की मी त्यांचे हातभर तुकडे गिऱ्हाइकाकडे एका रात्रीसाठी ठेवते. सोफ्याच्या पाठीवर टाका, रात्री दिवा लावून बघा आणि सकाळी फोन करा.

गिऱ्हाइकाला दाखवताना

तीनपेक्षा जास्त चित्रं दाखवू नका. मी सुरुवातीला बारा-बारा दाखवायचे आणि माणसं थकून "पुढच्या महिन्यात बघू" म्हणायची. फोनचा डोळ्यांसाठीचा पिवळा मोड दाखवण्याआधी बंद करा. व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि पोत पुसट होतो.

प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात "एआयने केलेलं कल्पनाचित्र" असं मराठीत किंवा गुजरातीत लिहा. गूगलच्या टूलने केलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूणही असते, पण आपल्या गिऱ्हाइकाला वाचता येईल अशी ओळ आपणच घालायची. आणि अशी चित्रं इन्स्टाग्रामवर "आमचं काम" म्हणून टाकू नका. तिथे शिवलेल्या सोफ्याचाच फोटो हवा.

काकूंचं पुढे काय झालं तेही सांगते. पुन्हा फोटो काढला, फक्त गाद्या मास्क केल्या आणि तीन चित्रं नेली. अकराच्या अकरा दांड्या जागेवर होत्या, काकूंनी पुन्हा मोजल्याच. मोरपंखी रात्रीच्या दिव्यात हिरवट पडला म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि बारीक पोताचं मोतिया कापड घेतलं, मरून लाकडाला ते उठून दिसतं म्हणून.

ऑर्डर लिहिताना चित्राची छापील प्रत आणि निवडलेल्या कापडाचा तुकडा एकाच कागदाला स्टेपल करा. त्याखाली शेड नंबर, लॉट नंबर, पन्हा, लवेची दिशा आणि जोडाची जागा लिहून दोघांच्या सह्या घ्या. लॉट नंबर, म्हणजे कापड रंगवलेल्या खेपेचा नंबर, विसरू नका. शेड नंबर तोच असला तरी वेगळ्या लॉटचं कापड किंचित वेगळं निघू शकतं, म्हणून लागणारं सगळं कापड, वर अर्धा-पाऊण मीटर जास्त धरून, एकाच ताग्यातून कापून घ्या. तो उरलेला तुकडा गिऱ्हाइकाच्या घरीच राहू द्या, पुढेमागे एखादी गादी फाटली तर त्याच कापडाचं ठिगळ हाताशी असतं.